न धुतलेला कोट

बाबा गेल्यावर आईने घरातल्या एकाच वस्तूला कुणाला हात लावू दिला नाही. तो त्यांचा कामावरचा कोट. जाड, आतून कापूस भरलेला, कोपरांवर ठिगळं लावलेला. बाबा गुलाबांच्या काचघरात फवारणी करायचे. थंडीच्या सकाळी घालायला हा कोट असे. तसल्याच एका सकाळी ते पंप पाठीवर असताना कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही मानलं. बाबांच्या वयाच्या माणसाला हृदय असतंच.

बाकीचे कपडे मी धुतले. कोट घ्यायला गेले तर आईने तो छातीशी धरला.

"धुऊ नकोस. त्याला त्यांचा वास आहे."

वास होताच. रॉकेल आणि सडका लसूण यांच्या मधलं काहीतरी. लहानपणी बाबा कामावरून आले की दारातच हा वास यायचा आणि मी पळत जाऊन त्यांना बिलगायचे. म्हणून मीही कोट तसाच राहू दिला.

थंडी वाढली तशी ती कोट घालूनच बसायला लागली. आत पातळ गाऊन, डाव्या कुशीत गरम पाण्याची पिशवी, वर बटणं गळ्यापर्यंत. आत्या, म्हणजे बाबांची बहीण, आमच्याकडे राहायला आली होती. ती म्हणायची, "वहिनी, तुम्ही आता हुबेहूब दादासारख्या दिसता. फक्त मिशा लावा." आई हसायची. त्या दिवसांत ती फक्त त्याच विनोदाला हसली.

मग ती रडायला लागली. निदान आम्हाला तसं वाटलं. डोळ्यांतलं पाणी थांबेना, नाक वाहत होतं. आत्या म्हणाली, "रडू दे. इतके दिवस दाबून ठेवलं होतं." जेवण जाईना, पोटात कळा यायच्या. आत्या म्हणाली, "दुःख पोटात शिरतं." ते बोलणं तेव्हा मला सुंदरही वाटलं होतं.

त्या दुपारी मी सूप घेऊन खोलीत गेले. आई पलंगावर बसली होती आणि घामाने निथळत होती. बाहेर खिडकीच्या काचेवर बर्फाची साय धरलेली. तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि तिला ती पुसायचं सुचत नव्हतं.

"आई?"

"दिवा लाव ना. सगळं धूसर दिसतंय."

दिवा लावायच्या आधी मी तिच्या डोळ्यांत बघितलं. खोलीत पडदे ओढलेले होते, अर्धा अंधार होता. अशा वेळी बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात, एवढं मी कुठेतरी वाचलं होतं. आईच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या. डाव्या पापणीखाली एक स्नायू आपल्या मनाने उडत होता, जसा कातडीखाली किडा असावा. वाचनाने माणूस शहाणा होतो की नाही, माहीत नाही. भित्रा नक्की होतो.

मी अँब्युलन्सला फोन लावला. पलीकडे एक बाई होती. मी सांगत गेले, ती मधेच म्हणाली, "घरात कीटकनाशक आहे का? उंदराचं, झुरळांचं, काहीही?"

"नाही."

"त्यांनी काही खाल्लं, प्यायलं?"

"नाही हो! तिने कशाला..." माझा आवाज चढला.

"ताई, तसं म्हणत नाही मी. नुसत्या कातडीतूनही जातं. त्यांच्या अंगावर काय आहे?"

"गाऊन. आणि बाबांचा कोट."

"बाबा काय करतात?"

मी उत्तर दिलं ते मलाच ऐकू आलं नाही. पण तिला आलं असावं.

"कोट काढा. आत्ता. आतलेही कपडे काढा. हातात रबरी मोजे घाला, नसले तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. साबण आणि भरपूर पाणी, डोक्यापासून पायापर्यंत, नखांतसुद्धा. खिडक्या उघडा. उलटी करायला लावू नका. गाडी निघालीय."

आत्या दारात दुधाचा पेला घेऊन उभी होती. "विषावर दूध देतात गं."

"काही द्यायचं नाही, आत्या! तिला श्वास घेता येत नाहीये, दूध कुठे जाईल?"

आई कोट सोडेना. तिच्या अंगात ताकद उरली नव्हती, पण बटणांवर मात्र बोटं घट्ट होती. मी हातांना पिशव्या बांधून ती बोटं एकेक करून उलगडत होते.

"नको गं," ती म्हणत होती. घशातून घरघर येत होती. "धुतलास तर ते जातील."

"आई, हा बाबांचा वास नाही. हे फवारणीचं औषध आहे."

"तोच तर त्यांचा."

मी कोट ओढला. अस्तर डाव्या काखेपासून कमरेपर्यंत कडक झालेलं होतं, पिवळट, तेलकट. नेमकं तिथेच ती गरम पिशवी धरून बसायची. आम्ही तिला न्हाणीत नेलं. आत्या पाणी ओतत होती आणि देवाला शिव्या देत होती. मी आईच्या केसांना साबण लावत होते. तिच्या मांडीचे स्नायू पाण्याखाली वळवळत होते. गाडी आली तेव्हा मी कोट दोन पिशव्यांत गाठ मारून बरोबर घेतला, कारण डॉक्टरांना बघायचा असेल असं फोनवरची बाई म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिशवी जरा उघडली, नाक मागे घेतलं आणि पुन्हा बांधली. आईला ॲट्रोपीनची इंजेक्शनं सुरू झाली. छातीतलं पाणी आटेपर्यंत देत राहणार, असं त्या म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "वडील कसे गेले?"

"हृदय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली नाही, काही लिहूनही घेतलं नाही. फक्त विचारलं, "डोळे कुणी बघितले होते?"



कॉरिडॉरमध्ये लांबू काका आले. बाबांचे कामावरचे जोडीदार. दारातून वाकूनच आत यायचे, म्हणून लांबू. त्यांना मी कोटाच्या अस्तराबद्दल विचारलं. त्यांनी नजर चुकवली.

"थंडीत औषध घट्ट होतं गं. साईसारखं. मापात पडत नाही. मग सकाळी बाटली काखेत धरायची, कोटाच्या आत. गाडीतून कामावर पोचेपर्यंत औषध पातळ होतं. आम्ही त्याला अंडं उबवणं म्हणतो." ते हसले. "दादाचं अंडं जरा गळकं होतं. बूच सैल."

"सगळेच असं करता?"

"मग काय, हातात धरून गाणं म्हणायचं त्याला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. तसाच कोट. गळ्यापर्यंत बटणं. कपाळावर घाम.

"काका, कोट काढा."

"अगं, मला काय झालंय?"

"काढा. आणि इकडे उजेडाकडे नको, अंधाराकडे बघा."

ते आणखी एखादा विनोद करतील असं मला वाटलं. त्यांनी केला नाही. त्यांनी कोट काढला. नर्सने त्यांना आत नेलं, आंघोळ घातली आणि रक्त तपासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईच्या बाहुल्या मोठ्या झाल्या. घाम आटला. तिने मला ओळखलं, आत्याला ओळखलं, आणि कोट कुठे आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं : दवाखान्याने तो विषारी कचऱ्यात टाकला. तिने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून सुटलो नाही आपण. काही दिवस मागे राहून हे विष स्नायू धरतं. आधी मान, मग श्वास. त्यांना उशीवरून डोकं उचलायला सांगत राहा. उचललं नाही तर लगेच हाक मारा, वाट बघू नका."

म्हणून मी सांगत राहिले.

"आई, मान उचल."

ती उचलायची. "झालं समाधान?"

"पुन्हा."

"लहानपणी तुझ्याकडून पाढे घेतले, त्याचा सूड घेतेस का?"

ती बोलतेय याचाच मला आधार होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, "आई, मान उचल," आणि ती म्हणाली, "उचलली की." डोकं उशीतच होतं. तिला वाटत होतं तिने उचलली. गळ्याच्या दोन्ही शिरा ताणल्या होत्या आणि केसांच्या टोकाएवढीही हालचाल नव्हती.

मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतले लोक बाहेर आले.

त्यांनी मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून दिसत होतं ते असं : आईच्या तोंडात नळी, आणि तिची छाती एका सारख्या, परक्या तालात वर जातेय, खाली येतेय. वेळेत नळी घातली, असं नर्स सांगून गेली. किती दिवस मशीन लागेल, ते तिला सांगता आलं नाही.

बाकावर लांबू काका दवाखान्याच्या कपड्यांत बसले होते. पाय लांबवून, अनवाणी.

"वहिनी?"

"मान उचलत नव्हती. आता श्वास मशीन देतंय."

त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, मग सावकाश मान वर केली. जरा थांबले. पुन्हा टेकवली.