पीपी नंबरवरचा निरोप

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. कोल्हारच्या एसटी स्टँडसमोर, एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली, काचेच्या खोलीत माझी हयात गेली. आता माझी वायर कापून मला माळ्यावरच्या पेटीत टाकलंय. त्याचं फार वाईट वाटत नाही. ऐकायचं आणि गप्प राहायचं, ही सवय मला आधीपासूनच आहे.

कारखान्यातून मी आलो तो थेट गोरक्षनाथच्या हाती. तो पायानं अधू, म्हणून त्याला बूथ मिळालेला. रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायचा, उदबत्ती ओवाळायचा. शिर्डीहून परतणारे लोक माझ्यात तोंड घालून "दर्शन झालं हो!" असं ओरडायचे. बाहेर रांग लागायची. काय माझा थाट होता तेव्हा!

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात शेजारच्या शाळेत शिकवणाऱ्या जयमालाबाई आल्या. नवऱ्याशी काडीमोड होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. एकट्याच राहायच्या. त्यांनी पुण्याच्या बहिणीला, प्रज्ञाला फोन लावला. आवाज असा, की जणू मुलांची हजेरी घेतायत.

"गर्भाशयाच्या तोंडाशी बिघाड निघालाय. कॅन्सर नाही, पण तसाच सोडला तर होऊ शकतो. नगरच्या डॉक्टरीणबाई जाळून काढणार आहेत. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो म्हणे."

"अगं बाई! कुठून आला?"

"नवरा-बायकोच्या संबंधातून. ताट-वाटीतून नाही येत. आणि महेंद्रशिवाय माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं."

"म्हणजे त्या मेल्यानंच दिला!"

"त्याला ठाऊकही नसेल. पुरुषांना बहुतेकदा काही कळतच नाही. वर्षानुवर्षं गुपचूप बसतो तो अंगात. पुष्कळांचा आपोआप जातोही. त्याला कधी लागला, कुणाकडून लागला, ते आता कुणीच सांगू शकत नाही."

"मग तूही गप्प बस की. कशाला उकरून काढतेस? लोक तुझ्याच नावानं बोटं मोडतील."

बाई म्हणाल्या, "त्याची दुसरी बायको आहे ना, पारनेरकडं. तिला कोण सांगणार?"

हा प्रश्न घेऊनच बाई बूथबाहेर पडल्या.

महेंद्रच्या घरी फोन नव्हता. तेव्हा कितीजणांकडे असायचा? त्याच्या गल्लीतल्या आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात फोन, तोच सगळ्यांचा पीपी नंबर. दुकानातून हाक मारायची, माणूस धावत यायचं, आणि सगळी गल्ली कान देऊन उभी राहायची. अशा ठिकाणी ही गोष्ट सांगायची कशी?

दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन लावला. महेंद्र आला. "हॅलो, कोन?" बाईंनी मला ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हुंदका नाही, काही नाही. गोरक्षनाथनं पाण्याचं भांडं पुढं केलं.

पण पीपी नंबरवर फोन करून न बोलता ठेवला, तर त्याचा अर्थ एकच निघायचा, हे बाई विसरल्या होत्या. कुणीतरी गेलं, आणि सांगणाऱ्याची जीभ रेटेना!

तिसऱ्यांदा लावला तेव्हा आप्पासाहेब कडाडले, "ओ, कोन गेलं ते येकदाचं सांगून टाका की! महेंद्र कामावर गेलाय, पर त्याच्या बायकूनं, गीतानं, कालधरनं चूल न्हाई पेटवली!"

तेवढ्यात कुणीतरी रिसीव्हर ओढून घेतला. "मी गीता बोलतीय. माजा बाप गेला का? खरं सांगा. आमी एसटीनं निघतोच."

बाईंनी डोळे मिटले असावेत. कानाशी असताना मला चेहरा दिसत नाही, पण श्वास ऐकू येतो.

"कुणी गेलं नाही, गीताबाई. कुणी जाऊ नये म्हणून फोन केलाय. मी जयमाला. तुम्ही नुसतं व्हय-न्हाई म्हणा, म्हणजे दुकानात कुणाला कळणार नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, त्याच कोरड्या आवाजात. पलीकडून "व्हय" येत राहिलं, दर वेळी आणखी बारीक.

शेवटी गीतानं हळूच विचारलं, "मला बी हाय का?"

"ठाऊक नाही. असेलच असं नाही. पण तपासून घ्या. दुखत नाही फारसं."

"आन् यांना?"

"सांगा. भांडायला नाही, ठाऊक असावं म्हणून. आधी स्वतःचं बघा. हा बूथचा नंबर घ्या, काय निघालं ते कळवा."

फोन ठेवल्यावर बाई खोलीतच उभ्या राहिल्या. मी त्यांच्यासाठी काही करू शकलो नाही, याचा मला अजून त्रास होतो.

पाऊसपाणी होऊन गेलं. बाईंचे उपचारही झाले. एका दुपारी मी खणखणलो. गोरक्षनाथनं शाळेकडं तोंड करून हाक दिली. जयमालाबाई धावत आल्या, धापा टाकत मला कानाला लावलं, आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोनी गेलं न्हाई, ताई," गीता आधी तेवढंच म्हणाली. मग म्हणाली, "निगालं हुतं मला बी. आता काडलंय. येळेवर आलात, म्हनल्या डॉक्टरीनबाई."

जयमालाबाई तेव्हा रडल्या. सगळ्या उन्हाळ्याचं रडल्या. गोरक्षनाथनं आपलं स्टूल खोलीच्या दाराबाहेर ओढलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "थांबा जरा. फोन चालू हाय."

मित्रांनो, मला आता पुसू नका, ओवाळूही नका. पण तुमच्या खिशातल्या फोनवर एखादा नंबर लावायचा राहिला असेल, कुणाच्या तरी जिवाशी गाठ असलेला, तर तो लावा. आणि पलीकडून "हॅलो" आलं, की ठेवून देऊ नका.