एका चहापुरता नवरा

तेहरानमध्ये घटस्फोटित बाईला कुणी घर देत नाही, आणि दिलंच तर भाडं ऐकून ती खालीच बसते. मी महिनाभर दलालांचे उंबरे झिजवले. एकानं माझ्या छातीकडे बघत विचारलं, रात्री पाहुणे येतात का? मेल्याच्या टेबलावरच ओकारी यायची बाकी होती. इकडे आमच्या मालकानं भाडं दुप्पट करून ते जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत खोल्या सोडायला सांगितलं होतं. जागा मिळाली नाही तर परंदला जायचं, शहराबाहेर, दीड तास लांब. म्हणजे माझ्या लेकीची, तरलानची, चौथीची शाळा सुटणार आणि दातांच्या दवाखान्यातली माझी नोकरीही.

मग शहरातच, नारमक भागात, ते घर सापडलं. दोन खोल्या, शाळा समोरच, भाडं मला झेपेल असं. मालकीण मोहतरम खानम, सत्तरीची विधवा, त्याच्याच खालच्या मजल्यावर राहणारी. अट एकच, घर कुटुंबालाच देणार, नवऱ्याला घेऊन ये.

आता नवरा कुठून आणू? होता तो सहा वर्षांपूर्वीच सुटलेला. हूमन त्याचं नाव. लेकीच्या वाढदिवसाला एक बाहुली पाठवली की वर्षभराचं बापपण उरकलं, असा माणूस. तरी मी त्याच्या हातापाया पडले. तासभर ये, चहा पी, जा. आढेवेढे न घेता तो हो म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आला तो दाढी कोरून, मिठाईचा खोका घेऊन. मोहतरम खानमना आई म्हणाला. साखरेचा खडा दातात धरून चहा पिता पिता माझ्या हातच्या कोफत्यांचं कौतुक करत होता. याच कोफत्यांचं ताट त्यानं एकदा भिंतीवर भिरकावलं होतं. वर माझ्या खांद्यावर हात टाकला. शी, अशी किळस आली मला त्या हाताची, की घरी जाऊन खांदा साबणानं घासघासून धुतला. पण तिथं हसत बसले. खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं.

निघताना म्हातारीनं परवा डिपॉझिट घेऊन यायला सांगितलं, म्हणजे कागद करता येतील.

मी आईच्या बांगड्या मोडल्या, दवाखान्यातून उचल घेतली. पैशांची पिशवी पोटाशी धरून वर गेले, तर दार उघडंच. आत हूमन गालिचा अंथरत होता. त्याची नवी बायको पोट सांभाळत कपाटं पुसत होती.

"कागद काल झाले," तो म्हणाला. "आम्हीही घर शोधतच होतो गं. इतकं स्वस्त कोण सोडतं, तूच सांग."

मी तशीच खाली मोहतरम खानमकडे गेले. म्हटलं, आता लपवायचं तरी काय. हा माझा नवरा नाही, सहा वर्षं झाली घटस्फोटाला, यानं तुम्हाला फसवलं.

म्हातारी जपमाळ ओढत होती. तिचे मणी थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला. त्यानंच येऊन सांगितलं. तू त्याला खोटं बोलायला लावलंस म्हणून बिचाऱ्याला झोप नव्हती. खरं बोलणारा माणूस आहे. खोटारड्या बाईला मी घर देत नाही."

मी दाराकडे वळले, तर मागून आणखी म्हणाली, "पोरीला मात्र बापाकडेच ठेव. शाळा समोर आहे. तुझ्यामागं तिनं कुठं वणवण करायची?"

परंदच्या त्या दीड तासावर माझ्याकडे काही उत्तर असतं, तर मी त्या नालायकाला चहाला बोलावलंच नसतं.

बाहेर येऊन जिन्यात थुंकले. त्याच्यावर, तिच्यावर, आणि परवा दात काढून हसत बसले होते त्या माझ्यावरही. दोन पायऱ्या उतरले, मग परत वर चढले आणि स्कार्फच्या टोकानं ती पायरी पुसली. तरलानला जिना अनवाणी उतरायची सवय आहे, इथंही तशीच उतरेल.