चार वर्कर, एक जोडणी

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी काका उमेदवारी करत होते. यात हसण्यासारखं काही नाही, तरी लोक हसत. तीस वर्षं ते टेलिफोनचे लाइनमन होते. मग खात्याने तांब्याच्या तारा गुंडाळून भंगारात काढल्या आणि काकांना घरी बसवलं. त्या तारांबरोबर आपली तीस वर्षंही वजनावर विकली गेली, हे शल्य त्यांच्या मनातून जात नव्हतं. दीड वर्ष डोकेफोड करून ते सर्व्हरचं काम शिकले आणि या इस्पितळाच्या संगणक विभागात सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. ती मुदत आज संध्याकाळी संपत होती. कायम करण्याचा कागद व्यवस्थापकांच्या टेबलावर होता, फक्त सही नव्हती.

आणि नेमकं याच आठवड्यात घोडं अडलं. वॉर्डातली नर्स रक्ततपासणीची मागणी संगणकावरच्या पानावर भरते. ते पान मागणी निरोपांच्या रांगेत टाकतं आणि तळमजल्यावरची प्रयोगशाळा रांगेतून एकेक उचलते. पान फार रेंगाळतं अशी ओरड होती, म्हणून काकांनी सोमवारी वेब सर्व्हरचे वर्कर एकाचे चार केले. मुख्य प्रोग्राम सुरू होताना स्वतःच्या हुबेहूब प्रती काढतो, त्या प्रती म्हणजे वर्कर. आलेलं काम त्या वाटून घेतात. पान पळायला लागलं. पण दुपारी दोनला, डॉक्टरांची फेरी संपून सगळ्या वॉर्डांतून एकदम मागण्या सुटल्या, की रांगेशी असलेला संपर्क तुटायचा. मग नर्सा चिठ्ठ्या लिहून जिने उतरायच्या. सलग तीन दिवस हेच झालं.

"आकडा बदलला काकांनी. गोंधळही तेव्हापासूनच," व्यवस्थापक म्हणाले. खापर फोडायला त्यांना डोकं सापडलं होतं. "चार वाजता बसू. तोवर कारण सांगा, नाहीतर आकडा पुन्हा एक करा. कागदाचंही तेव्हाच बघू."

विभागप्रमुख मॅडम वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण सात वर्षांपूर्वी ही सगळी यंत्रणा त्यांनीच उभी केली होती. व्यवस्थापक गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "काका, एक करून टाका ना. निदान नोकरी तरी वाचेल."

"मॅडम, लाइनवर गर्दी झाली म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी 'कमी बोला' असं सांगितलं नाही."

मॅडमना हसू आलं. काका मात्र स्क्रीनला चिकटून बसले.

नेटवर्कवाल्यांनी कधीच हात झटकले होते. रांगेच्या सर्व्हरची तक्रार रोज एकच असायची: आलेला मजकूर समजला नाही. काका त्या शब्दावर अडले. मजकूर आला नाही असं कुठे म्हटलंय? आला, पण समजला नाही. म्हणजे तार शाबूत आहे आणि बोलण्यात घोळ आहे.

मग त्यांनी जुन्या सवयीने पहिलं काम केलं, ते म्हणजे दोन्ही टोकांना जोडण्या मोजल्या. इकडे चार वर्कर, प्रत्येकाच्या नावावर एक चालू जोडणी. तिकडे रांगेच्या टोकाला मोजली तर एकच. काकांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. इकडच्या चारही जोडण्यांचा पोर्ट नंबर, म्हणजे प्रत्येक जोडणीला मिळणारा वेगळा क्रमांक, एकच होता.

"हात्तिच्या!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्याचा चहा सांडला.

हे दुखणं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. एका तारेवर चार खोल्यांत चार फोन, आणि चौघांनी एकदम उचलून बोलायला सुरुवात केली तर पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवणारच! इथेही प्रोग्राम आधी रांगेशी जोडणी उघडत होता आणि मग प्रती काढत होता. चारही प्रतींच्या हाती तीच एक जोडणी पडत होती. वर्कर एकच होता तोवर हे कळायला मार्गच नव्हता.

जोडणी उघडणारी ओळ सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तिच्यावर टीप होती: 'एकदाच जोडतो, वेळ वाचतो.' सात वर्षांपूर्वीची तारीख होती आणि पुढे मॅडमचं नाव.

काकांनी ती ओळ हलवली. आता प्रत्येक प्रत जन्मल्यावर स्वतःची जोडणी उघडणार होती. चाचणीच्या मशीनवर चार वर्कर उभे करून त्यांनी दोनशे मागण्या एकदम सोडल्या. जुन्या ओळीने अकराव्या मागणीलाच मान टाकली, नव्या ओळीने दोनशेच्या दोनशे पोचवल्या. मग त्यांनी मॅडमना बोलावलं.

मॅडमनी स्क्रीन वाचला आणि त्या स्वतःच्या टिपेपाशी थांबल्या.

"तेव्हा वर्कर एकच होता," काका म्हणाले. "तेव्हा ते बरोबरच होतं."

एक वाजता नवी ओळ खऱ्या सर्व्हरवर गेली. दोन वाजले, झुंबड उडाली, आणि जिन्यावर एकही नर्स दिसली नाही.

चारच्या बैठकीत व्यवस्थापकांनी विचारलं, "म्हणजे काकांचा आकडा बरोबर होता. मग चूक कोणाची?"

'एक जुनी ओळ होती' एवढंच सांगायचं काकांनी ठरवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण मॅडम आधीच उठल्या होत्या.

"माझी. ती ओळ मी लिहिली. आणि मी लिहिली म्हणूनच तीन दिवस मी ती उघडूनसुद्धा बघितली नाही. मी इथे सात वर्षं आहे, पण काकांसारखं दोन्ही टोकांना जाऊन मोजणारा माणूस मी पाहिलेला नाही."

व्यवस्थापकांनी खिशातून पेन काढलं.

अभिमानाने काकांचा ऊर भरून आला आणि त्यांनी तो लपवला नाही. व्हरांड्यात जाऊन त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडे तिच्या शिलाई मशीनची खडखड चालू होती.

"अहो, आधी सांगा, सही झाली?"

"झाली."

मशीन थांबलं. "मग बिघाड काय होता एवढा?"

"चौघं एकाच जोडणीवर बोलत होते. ज्याला त्याला वेगळी जोडून दिली."

"एवढंच?" बायको म्हणाली. "मग तीस वर्षं तुम्ही दुसरं काय करत होतात?"

नर्सा, वॉर्डबॉय शेजारून जात होते, काकांनी कोणाकडे पाहिलं नाही.

"हेच," ते म्हणाले. "हेच करत होतो गं."