भिंतीपर्यंतचा रस्ता

मी एक जुना रस्ता आहे. मित्रांनो, आता मी जेमतेम दोनशे पावलांचा उरलो आहे. एका टोकाला वस्ती आणि दुसऱ्या टोकाला महामार्गाच्या भरावाची उंच भिंत. कागदावर मात्र मला चार किलोमीटर लांब हलवले आहे, असे लिहिले आहे. तिथल्या नव्या रस्त्याला माझे नाव दिले. मी अजून इथेच पडलो आहे.

पूर्वी मी थेट बाजारापर्यंत जात असे. सायकली, हातगाड्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे, सगळी माझ्यावरूनच जात. "असा सरळ रस्ता शोधून सापडायचा नाही," असे लोक म्हणत. मला बरे वाटे. खड्डे मात्र कोणी बुजवत नसे.

मग मला छेदून महामार्ग न्यायचे ठरले. त्याच्याखालून माझ्यासाठी बोगदा ठेवावा का, हे पाहायला एक दिवस माझ्यावर आडवी रबरी नळी टाकली आणि तिला मोजणीची पेटी जोडली. तिच्यावरून चाक गेले की पेटीतला आकडा पुढे सरके. पण हे सांगायला तिथे कोणी नव्हते.

"नळी सरकारी आहे. फुटली तर आपल्या गळ्यात येईल," इस्त्रीवाली मावशी म्हणाली. मग चौघांनी तिची गाडी उचलून पलीकडे ठेवली. सायकलवालेही सायकल खांद्यावर घेऊन नळी ओलांडू लागले. आठवड्याने पेटीत आकडा निघाला अकरा! एवढ्यासाठी बोगदा कशाला, असे ठरले आणि मला कापले.

मावशीची गिऱ्हाइके भिंतीपलीकडे राहतात. एवढा वळसा घालून गाडी ढकलता ढकलता तिच्या गुडघ्यांचे पार भुसकट झाले. निम्मी गिऱ्हाइके तुटली. शेवटी तिने महामार्गाच्या साहेबांना इथे आणले.

"माणसं जात असतील तरच बोगदा मिळतो, मावशी. इथून तर कोणीच जात नाही."

"जाणार कुठून? भिंतीतून?"

"तुमचं खरं आहे. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मग आम्ही भिंतीपर्यंत चालत आलो, तर मोजाल?"

साहेबांनी डोके खाजवले. "मोजायला काही हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती कामाला निघावी तशी निघाली. पिशव्या, डबे, मावशीची गाडी. भिंतीपाशी खुर्ची टाकून कारकून बसला होता. "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या!" तो ओरडत होता. त्याने एकशे बेचाळीस माणसे लिहून घेतली.

उत्तर अजून आलेले नाही. पुन्हा कधी मोजतील याचा भरवसा नाही, म्हणून लोक रोज येतात. भिंतीला हात लावतात आणि मागे वळतात. त्यांची पावले थांबतात तिथे मला फार कोंडल्यासारखे होते.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही रस्ते बांधाल. जुना रस्ता हलवण्याआधी एकदा त्याच्यावरून पायी चाला. सोबत कोण चालते आहे ते पाहा आणि त्याला विचारा, "तुम्हाला कुठे जायचे आहे?"