दालन क्रमांक दोनमधली देवी

सासूबाईंना रडताना बघायचं होतं, एवढ्यासाठीच मी त्यांना ठाण्याला नेलं. उगाच भक्तीचं नाव कशाला पुढे करू?

आमचं घर कळव्याला, खाडीच्या अंगाला. घरामागच्या जागेत एक उभा दगड होता. त्यावर शेंदराचे इतके थर, की देवीचं तोंड कुठे आणि पाय कुठे हे विचारायची सोय नव्हती. सासूबाईंची, म्हणजे हौसाबाईंची, ती गावदेवी. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही, तेव्हापासून दर मंगळवारी ओलेत्याने अकरा प्रदक्षिणा आणि देवीची ओटी हे माझ्या मागे लागलं. नऊ वर्षं. मितेशने, माझ्या नवऱ्याने, एकदाही स्वतःची तपासणी करून घेतली नाही. सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं, "देवी हिला पावत नाय." मासळी बाजारात गिऱ्हाइकांनासुद्धा त्या हे ऐकवायच्या, मी शेजारी बसून कोळंबी सोलत असताना.

गेल्या वर्षी मितेशने ती जागा बिल्डरला विकली. दगड हलवताना शेंदराचं कवच गळून पडलं आणि आत अक्षरं निघाली. टेंभी नाक्याजवळ जुन्या लिप्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथली माणसं टेम्पो घेऊन आली. मितेशने आईला सांगितलं, देवीला ठाण्यात मोठ्या देवळात बसवलंय. संग्रहालयाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही मात्र माझी होती. दगडावर काय आहे ते मला तिथेच कळलं. त्या दिवसापासून मी मंगळवारची वाट बघत होते.

"आई, चला, देवीला भेटून येऊ," मी म्हटलं.

केवढ्या हरखल्या! ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या, अबोलीचा गजरा माळला, खण-नारळ पिशवीत घेतला. ती पिशवी वॉचमनने दारातच ठेवून घेतली.

"असला कसला गो देवूल?"

"नवीन नियम आहेत, आई."

पहिल्या दालनात मातीच्या विटांवर उमटवलेल्या खुणा होत्या, ताडपत्रं होती. सासूबाई प्रत्येक काचेला हात जोडत चालल्या. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दालनात ती उभी होती, घासूनपुसून काळी कुळकुळीत. वरच्या कोपऱ्यातल्या टवक्यावरून त्यांनी तिला ओळखलं.

"अगो बाय, हिला अशी उघडी केली कोनी?"

माहिती सांगायला अंतरा नावाची मुलगी होती. मी तिला बोलावलं. "आजींना सगळं समजावून सांगा. सावकाश."

"आजी, ही देवी नाही. ह्याला गधेगाळ म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी राजाने कोणाला तरी जमीन दान दिली, त्याचा हा लेख. वर चंद्र-सूर्य आहेत, म्हणजे ते असेपर्यंत दान टिकावं. आणि खाली..." ती अडखळली.

"सांगा ना."

"खाली शिवी कोरलीय. जो ही जमीन बळकावेल किंवा विकेल, त्याच्या आईला. ती बाई दिसतेय ना, आणि तिच्यावर... गाढव."

सासूबाई काचेजवळ वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "पन्नास वर्षं मी हितंच कुकू लावलं," त्या म्हणाल्या.

इथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"आई, जमीन कोणी विकली?"

त्यांनी काचेवरची नजर माझ्याकडे वळवली.

"आणि त्याची आई कोण?"

अंतरा फरशीकडे बघू लागली. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. नऊ वर्षांत मी इतकी सुखात कधीच नव्हते.

मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. माझी हनुवटी हातात धरली, एखाद्या लहान पोरीची धरावी तशी, आणि अगदी मायेच्या आवाजात म्हणाल्या, "मना लागली गो ती शिवी. आईलाच लागते. तू कशाला घाबरतेस? तुला ती कदी नाय लागायची."