पुसलेला बाण

मी फळा बोलतोय. शाळेतला काळा नव्हे हो, ऑफिसातला पांढरा. काळ्या फळ्याचं काय ते कौतुक! खडूची धूळ काय, बाईंचं अक्षर काय, सगळ्यांचे डोळे भरून येतात. आमच्याकडे बघून आजवर कुणाचे डोळे भरले नाहीत. एका बाईंचे भरले होते, पण ते पुढे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्यावर गुळगुळीत पांढरा लेप चढवला, चारी बाजूंनी पट्टी ठोकली आणि पाठीवर कागद चिकटवला: ‘दहा वर्षं स्वच्छ पुसला जाईल.’ तिसऱ्या वर्षीच माझं पितळ उघडं पडलं. माझ्यावर लिहिलेलं पुसलं तरी पूर्ण जात नाही. समोरून बघाल तर मी स्वच्छ, पण बाजूने उजेड पडला की जुनं लिखाण फिकट दिसतं. या एका खोडीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली.

पहिली नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, चौथ्या मजल्यावर. तिथल्या प्रमुखांना सगळे ‘आजोबा’ म्हणायचे. वय पंचेचाळीस, पण बाकीचे विशी-पंचविशीतले, मग काय करणार! आजोबांचं काम म्हणजे आराखडा ठरवणं. घर बांधताना कुठली खोली कुठे, दार कुठे, पाणी तुंबलं तर जाणार कुठे, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं ना, तसंच सॉफ्टवेअरचंही असतं. बाकीचे विटा रचतात, हा माणूस फळ्यापुढे हनुवटी खाजवत उभा राहतो.

एकदा आजोबांनी तावातावाने माझ्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘हे बंद पडलं तर?’ लिहून झाल्यावर कळलं की हातात पक्क्या शाईचा मार्कर होता! झालं. कुणी ओल्या फडक्याने घासतंय, कुणी नखाने खरवडतंय, मी आपला दात-ओठ खात सोसतोय. अक्षर हलेल तर शपथ.

“सर, आता हे तुमच्याबरोबरच रिटायर होणार,” असं म्हणत एक मुलगी पोट धरून हसली.

ती मुलगी म्हणजेच माझी पुढची मालकीण. तिला सगळे चौकटबाई म्हणायचे. कॅन्टीन कुठे विचारलं तरी ती चौकट काढून बाणाने रस्ता दाखवायची. हसली खरी, पण आजोबांचा तो प्रश्न तिच्या डोक्यात जाऊन बसला. प्रत्येक चौकटीवर बोट ठेवायची आणि स्वतःशीच पुटपुटायची, “हे बंद पडलं तर?” बारा वर्षांत ती आजोबांच्या जागेवर आली. तोवर आजोबा निवृत्त झाले होते, पण अक्षर माझ्यावरच होतं. ते कसं काढायचं हे तिला नंतर कळलंही. काढलं मात्र नाही.

मग एक दिवस तिने नोकरी सोडली. “सगळं बिघडल्यावर मला बोलावतात,” ती म्हणाली. “मला आधी विचारणारं कुणीतरी हवंय.” स्वतंत्र सल्लागार व्हायचं ठरवलं तिने. त्याच महिन्यात कंपनीने भिंतींना काचेचे फळे लावले आणि मी जिन्याखाली जाऊन पडलो. निरोपसमारंभात तिला घड्याळ देत होते. ती म्हणाली, “घड्याळ राहू द्या, तो फळा द्या.” साहेब लोक एकमेकांकडे बघत राहिले.

असा मी तिच्या घरी आलो. घरात ती, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवार-रविवारी येणारा. सासूबाई पस्तीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळी गल्ली त्यांना अजून ‘सिस्टर’च म्हणे, म्हणून मीही सिस्टर म्हणतो. मला टांगायला त्यांचं कपाट हलवावं लागलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर राग.

“चौकटी काढायचे पैसे देतात लोक?” त्यांनी विचारलं.

“देतात, आई. आणि ऐकत मात्र नाहीत.”

“मग आमच्या डॉक्टरांसारखंच की. पेशंट फी देतो आणि शेजारणीचं औषध घेतो.”

खोटं नव्हतं ते. लोक हौसेने सल्ला घ्यायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन आपलंच घोडं दामटायचे. पालथ्या घड्यावर पाणी! तरी चौकटबाई चिडायची नाही. कधी बस कंपनी, कधी वाचनालय, कधी दूध डेअरी, जे काम येईल त्याच्या चौकटी माझ्यावर काढायची आणि कोपऱ्यातल्या प्रश्नाकडे बघून एकेक तपासायची. सहा वर्षं अशी गेली.

तिची एक सवय मात्र मला खटकायची. दुसऱ्यांना सांगायची, “सगळं एका माणसाच्या डोक्यात ठेवू नका, लिहून ठेवा.” आणि स्वतःचं? अर्धं माझ्यावर, अर्धं डोक्यात! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सातव्या वर्षी मोठं काम आलं. एका इस्पितळाला वॉर्डातल्या औषधांच्या नोंदी कागदावरून यंत्रावर न्यायच्या होत्या. कुठल्या पेशंटला कुठलं औषध किती वाजता, हे पडद्यावर दिसणार. सिस्टरने औषध दिलं की खूण करायची. वेळ टळली आणि खूण नसली की लाल दिवा. पहिल्याच आठवड्यात चौकटबाईने माझ्यावर एक चौकट काढली, ‘कागद’. तिथून ‘नोंद’ या चौकटीकडे बाण नेला आणि बाणावर प्रश्नचिन्ह टाकलं.

इस्पितळाचे व्यवस्थापक घरी आले होते. हसले. “मॅडम, कागद हद्दपार करायलाच तर हा खटाटोप. आमच्याकडे जनरेटर आहे, बंद पडायचा प्रश्नच नाही. पुसा ते.”

ती थांबली. कोपऱ्याकडे तिने बघितलं, मी बघितलं तिला बघताना. मग “बरं, नंतर बघू,” म्हणाली आणि डस्टर फिरवला. तिनेच, स्वतःच्या हाताने.

‘नंतर’ काही आलं नाही. काम वाढत गेलं, सहा महिने उलटले. सुरू करायचा सोमवार बारा दिवसांवर आला आणि एका दुपारी ती माझ्यापुढे उभी असताना म्हणाली, “आई, डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आल्यासारखं वाटतंय.”

सिस्टरनी हातातलं काम टाकलं आणि पायात चपला सरकवल्या. “चल. आत्ताच्या आत्ता.”

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, तो जागेवर राहावा म्हणून दहा दिवस मान खाली. जेवताना खाली, झोपताना पालथं, बोलतानाही जमिनीकडे बघायचं.

“आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही,” ती माझ्या खोलीतल्या पलंगावर उशीत तोंड खुपसून म्हणाली, “आणि आता बघा.”

“गप पडून राहा,” सिस्टर म्हणाल्या. डोळ्यात थेंब घालताना त्यांचा हात जराही हलला नाही, पण दारापाशी जाऊन त्यांनी डोळे पुसले ते मी बघितलं.

इकडे व्यवस्थापकांचा रोज सकाळी फोन. शेवटचा आराखडा हवा होता आणि तो सगळा होता चौकटबाईच्या डोक्यात. ‘हे बंद पडलं तर?’ जन्मभर सगळ्यांना विचारलं, आणि स्वतः बंद पडायची वेळ आल्यावर हातात काही नाही! गुरुवारी सकाळी ती म्हणाली, “आई, तुम्ही फळ्यावर काढाल का? मी सांगते.”

“मी? मला सरळ रेघ येत नाही गं.”

“रांगोळी नाही काढायची, आई. चौकट काढायची.”

सिस्टरनी पदर खोचला आणि मार्कर थर्मामीटरसारखा झटकून हातात धरला.

“डावीकडे चौकट काढा. त्यात लिहा, डॉक्टर.”

“किती मोठी?”

“मावेल एवढी.”

“डॉक्टर कशातच मावत नाहीत. पुढे?”

“त्याच्यापासून बाण. मग चौकट, सिस्टर.”

“कुठली सिस्टर?”

“कुठली म्हणजे? एकच चौकट.”

“अगं, एक कशी असेल? आठ वाजता एक, दोन वाजता दुसरी. पाळी बदलते की नाही?”

तेवढ्यात ऊन खिडकीतून तिरपं माझ्या अंगावर आलं. मी आयुष्यात काही मागितलं नाही, पण त्या क्षणी मनात म्हटलं, सिस्टर, जरा बाजूला सरका आणि बघा हो, माझी खोडी एकदा तरी कामी येऊ दे.

सिस्टर मागे सरकल्या. “इथे काहीतरी पुसलेलं दिसतंय. ‘कागद’ असं आहे. पुढे बाण, आणि वर प्रश्नचिन्ह.”

“ते सोडा, आई. ते काढून टाकलंय.”

“का?” सिस्टर खुर्ची ओढून तिच्या डोक्याशी बसल्या. “यंत्र बंद पडलं तर सिस्टर काय हातावर हात ठेवून बसणारे? औषध देणार, कागदावर लिहिणार. बरोबर?”

“हो.”

“मग यंत्र सुरू झालं. त्याला काय वाटेल?”

“औषध दिलंच नाही असं.”

“म्हणजे लाल दिवा?”

“लाल दिवा.”

“आणि तोवर पाळी बदलली असेल, तर नवी सिस्टर काय करेल?”

“पुन्हा औषध देईल,” चौकटबाई उशीतच पुटपुटली. मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. माझ्या ॲप्रनच्या खिशात चिठ्ठी राहिली आणि मी घरी गेले. पुढच्या पाळीने तेच इंजेक्शन भरलं. पेशंटची बायको म्हणाली, ‘अहो, मघाशी दिलंत की,’ म्हणून तो वाचला. चाळीस वर्षं झाली, पण तिचा चेहरा विसरले नाही मी.”

चौकटबाईला हुंदका फुटला. “डोळ्यात पाणी आणू नकोस, टाके दुखतील,” सिस्टर ओरडल्या, आणि स्वतःच रडायला लागल्या. सुरुवातीला म्हटलं त्या बाई याच.

व्यवस्थापकांना फोन तिनेच लावायला सांगितला. जमिनीकडे बघतच बोलली. “सोमवारी सुरू करू नका. पेशंटला औषध दोनदा जाऊ शकतं.”

“मॅडम, आमंत्रणं गेलीत! तुम्ही विश्रांती घ्या, आम्ही बघतो. नंतर दुरुस्त करू.”

“नंतर म्हणूनच मी ते पुसलं होतं. चूक माझी आहे, तसं लेखी देते. संचालकांनाही पाठवते.”

“असं लेखी दिलंत तर पुढे तुम्हाला काम कोण देईल?”

“नाही देणार कदाचित,” ती म्हणाली. तरी पत्र तिने तोंडी सांगितलं आणि सिस्टरनी लिहून पाठवलं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, फोन नाही. रविवारी नवरा घरात इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. दुपारी फोन वाजला. इस्पितळाच्या मुख्य सिस्टर होत्या. “तो कागदाचा बाण कुणाला सुचला हो? संचालकांनी मला विचारलं, मी म्हटलं, हा बाण नसेल तर माझ्या मुली यंत्राला हात लावणार नाहीत.”

यंत्र सुरू करणं महिनाभर पुढे ढकललं. यंत्र बंद पडून सुरू झालं की आधी विचारणार, ‘मधल्या वेळात काय दिलं?’ उत्तर मिळेपर्यंत लाल दिवा नाही. आणि सुरू केल्यावर नवव्याच दिवशी रस्ता खोदताना कुणीतरी इंटरनेटची तार तोडली! जनरेटर बिचारा धडधडत राहिला, यंत्र मात्र दोन तास बंद, आणि बरोबर पाळी बदलायच्या वेळी. सिस्टर लोकांनी कागदावर लिहिलं, यंत्राने विचारलं, त्यांनी भरलं. कुणाला काही झालं नाही. अशा गोष्टीची बातमी होत नाही, पण त्या दिवशी आमच्या घरात दोघी सासू-सुना उगाचच हसत होत्या.

कामं कमी झाली का? थोडी झाली. मग वाढली. आता चौकटबाईबरोबर आणखी दोघी काम करतात आणि सगळं लिहून ठेवतात. तिचा डोळा वाचला, पण त्या डोळ्याला सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसते.

आता माझ्या जागी मोठा पडदा आलाय. बोटाने लिहा, बोटाने पुसा, मागे काही उरत नाही. चकचकीत आहे, मला त्याचा राग नाही. मला त्याच इस्पितळात, वॉर्डातल्या सिस्टरांच्या खोलीत पाठवायचं ठरलंय. आमच्या घरच्या सिस्टरचीच कल्पना. एवढंच मागतो, तिथे मला कुणी खराब म्हणून टाकू नका. ‘नंतर बघू’ म्हणून काही पुसलंत तर एखाद्या सकाळी बाजूला सरकून माझ्याकडे बघा.

आज टेम्पो खाली उभा आहे. चौकटबाईने मला शेवटचं पुसलं. कोपऱ्यातला प्रश्न तसाच ठेवला. मग मार्करच्या डब्यातून तिने एक निवडला, टोपण काढून नीट बघितला. पक्क्या शाईचा होता. यावेळी चुकून नव्हे.

सिस्टर दारात काठी टेकून उभ्या होत्या. चौकटबाईने माझ्या अंगावरचा तो जुना फिकट बाण बोटाने शोधला आणि ‘कागद’पासून ‘नोंद’पर्यंत गिरवला. प्रश्नचिन्ह मात्र नाही टाकलं.

“वाकडा आलाय गं,” सिस्टर म्हणाल्या.

“असू दे, आई. पोचतोय ना.”