एक अंश वर

मी एक जुना बीओडी आहे, मित्रांनो. नाव ऐकून बावचळू नका, प्रयोगशाळेतलं ऊब धरणारं कपाट ते. दिसायला मी तुमच्या घरच्या फ्रिजसारखाच, फक्त माझ्या पोटात बर्फ नसतो. बाहेर वऱ्हाडातला मे महिना असो की पौषातली थंडी, आत जेवढी ऊब लावून दिली तेवढीच मी धरून ठेवतो. फार लहान जिवांना वाढवायचं असेल तर अशी न हलणारी ऊब लागते. तान्ह्या बाळाला कुशीतली लागते ना, तशी.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाताना रस्त्याला लागून एक लहानसं विद्यापीठ आहे. तिथल्या कीटकशास्त्र विभागात, जिन्याजवळच्या कोपऱ्यातल्या खोलीत मी उभा असतो. या खोलीबद्दल लोक काहीबाही बोलतात. तेही सांगणार आहे.

माझा पत्रा मुंबईकडच्या एका कारखान्यात वाकवला गेला. तिथे मला कुणी कशासाठी घडवतंय हे ठाऊक नव्हतं. ते कळलं इथे आल्यावर. डॉ. गीतांजली तायडे नावाच्या प्राध्यापिकेनं मला मागवलं होतं. विद्यापीठ आपल्या शिक्षकांना संशोधनासाठी थोडी मदत देतं, त्या मदतीतून मी आलो. ट्रकमधून उतरवताना माझा एक कोपरा चेपला, तेव्हा मॅडमनी तिथे हात फिरवला आणि म्हणाल्या, "लागलं काय रे तुले?" यंत्राला असं विचारणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मॅडमचं काम होतं मित्रकीटकांचं. ट्रायकोग्रामा म्हणजे एक इवलीशी माशी. तिळाच्या दाण्यावर कितीतरी बसतील, एवढी लहान. ती बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही आणि शेतात विषारी फवारा मारावा लागत नाही. पण बाजारात मिळणाऱ्या माश्या आपल्या उन्हात टिकत नाहीत. म्हणून मॅडम मे महिन्याच्या भर दुपारी नांदगाव खंडेश्वरला गेल्या आणि पार्बताबाई नावाच्या माळीणबाईंच्या भेंडीच्या वाफ्यातून जगलेल्या माश्या शोधून घेऊन आल्या. "या उन्हात ज्या जगल्या, त्याच खऱ्या वऱ्हाडी," असं म्हणून त्यांनी त्या माझ्या पोटात ठेवल्या.

तेव्हापासून माझं आयुष्य सुरू झालं. काचेच्या नळ्या, नळीत एक कार्ड, कार्डावर माश्यांना आपली अंडी घालायला डिंकानं चिकटवलेली एका पतंगाची पांढरी अंडी आणि बाजूला मधाची बारीक रेघ. काही दिवसांनी अंडी काळी पडत. काळी पडली की समजायचं, आत जीव धरला. मग मॅडम हसत. पिढीमागून पिढी जाई, आणि दरवेळी मॅडम माझी ऊब अगदी किंचित चढवत. त्या उबेत जी जगली, तिचीच पुढची पिढी. असं करत करत त्यांना अशी माशी घडवायची होती जी आपल्या रानात, आपल्या उन्हात तग धरेल. एक पिढी जरी चुकली तरी सगळी वर्षं पाण्यात जाणार होती. म्हणून सुट्टी नव्हती. दिवाळीच्या दिवशीही मॅडम यायच्या. माझ्या दारावर कपाळ टेकवून यंत्र नीट चाललंय ना, ते ऐकायच्या.

एका जानेवारीत मॅडम दवाखान्यात म्हणून गेल्या. थोड्या दिवसांनी त्यांचा फोटो आला.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला भुतं दिसत नाहीत. पण माझ्या पोटातला दिवा पहाटे आपोआप लागतो. माश्यांना दिवस-रात्र कळावी म्हणून मॅडमनी तशी वेळ लावून ठेवली होती. ती कुणी बदलली नाही. मग माझ्या दाराच्या काचेतून आणि बंद खोलीच्या खिडकीतून पहाटेच्या अंधारात उजेड दिसायचा. पहारेकरी नितेश त्या खिडकीखालून जाईनासा झाला. "मॅडम आल्या बाप्पा कामावर," असं म्हणून तो लांबूनच हात जोडायचा. आणि खरं सांगू? दिवा लागला की माझ्या दारावर, कपाळाएवढ्या जागेत, मला ऊब जाणवायची. ती आतल्या दिव्याची होती की कशाची, हे मला आजही सांगता येत नाही.

प्रयोगशाळा सांभाळणारे खुशालराव मॅडमच्या हाताखाली केस पिकेपर्यंत राबलेले. त्यांनी मॅडमचा फोटो माझ्या बाजूच्या भिंतीवर लावला. खाली स्टूल ठेवलं. रोज ताजा हार आणि अगरबत्ती. खोलीत पाऊल टाकण्याआधी ते म्हणायचे, "येऊ का मॅडम?" आणि थोडं थांबून मगच आत यायचे. विभागातले मोठे प्राध्यापकही चपला बाहेर काढू लागले. विद्यापीठानं मॅडमच्या नावानं व्याख्यान ठेवलं, त्यात मोठी भाषणं झाली. नळ्यांमध्ये मध लावायला मात्र एकटी दीपमाला उरली.

दीपमाला ही मॅडमची विद्यार्थिनी. आता तिथेच शिक्षिका झालेली. मूर्तिजापूरहून रोज यायची. तिची लेक आचल अजून रांगत होती. सकाळी चार वर्ग, दुपारी परीक्षेची देखरेख, मग मूल्यांकनाच्या फाइली, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात ती धावत माझ्याकडे यायची. हात धुताना तिच्या ओढणीला दुधाचा वास असायचा.

आणि मग माश्या मरू लागल्या.

आधी एका नळीत, मग दुसऱ्या. कार्डं पांढरीच राहायची. दीपमालानं मध बदलला, अंडी बदलली, नळ्या उकळून घेतल्या. काही उपयोग नाही. माझ्या पोटात मेलेल्या माश्यांची धूळ साचत होती, आणि मला ते दिसत असून तोंड नव्हतं. दीपमाला फोटोकडे बघायची आणि तिचे डोळे भरायचे.

"ताई, नोका रडू," खुशालराव म्हणाले. "ते मॅडमच्याच हाताले होतं. मॅडम आपल्या संगं नेऊन राह्यल्या त्याईले."

"काका, असं नका ना बोलू. मले रात्री झोप येत नाही."

"मंग काय बोलू? तुमीच सांगा, एवढं करून राह्यल्या तुमी, तरी काहून मरून राह्यल्या?"

हळूहळू तिलाही तसंच वाटू लागलं. माझं दार उघडण्याआधी तीही फोटोला हात जोडू लागली.

त्यातच विभागप्रमुख शेखर सर एक बातमी घेऊन आले. शेखर सर तोंडाचे तिखट होते. म्हणाले, "दीपमाला, आनंदाची गोष्ट आहे. शिक्षकांचं संशोधन वाढावं म्हणून विद्यापीठ एक कक्ष उघडतंय. कक्षाला खोली पाहिजे. खोली कोणती, तर ही. म्हणजे संशोधन वाढवायले आपण पयले प्रयोगशाळा रिकामी करायची!"

"सर, आणि हा बीओडी?"

"सोमवारी समिती येते. आत जिवंत काम असेल तर खोली तुझी, वर नव्या शिक्षकांसाठीची मदतही मिळेल. नसेल तर हा भंगारात." मग त्यांचा आवाज उतरला. "आहे का गं काही जिवंत?"

"चार नळ्या आहेत, सर."

त्या चार नळ्या म्हणजे मॅडमची सगळी वर्षं होती. भंगाराचं मला एवढं वाटलं नाही. पत्र्याला काय, कुठेही गंजायचंच. पण त्या चार नळ्या संपल्या की मॅडम खरोखर गेल्या, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी दीपमालाची सासू केशरबाई लग्नाला परतवाड्याला गेलेल्या, म्हणून ती आचलला घेऊनच आली. पोर खुर्चीत बसून माझ्या दिव्याकडे टुकूटुकू बघत होती. दीपमालानं एक नळी भिंगाखाली बघायला बाहेर काढली, आणि तेवढ्यात आचल किरकिरू लागली. अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. दीपमालानं एका हातानं पोर उचललं, दुसऱ्या हातातली नळी पोरीच्या कपड्यांच्या पिशवीत टाकली आणि ती पळत सुटली. माझं दार तिनं कोपरानं ढकलून लावलं.

शनिवारी उरलेल्या तीन नळ्यांतली हालचाल थांबली. दिवा वेळेवर लागला, वेळेवर विझला. मी रिकाम्या घराला ऊब देत उभा होतो. त्या दिवशी दारावर कपाळाची ऊब मला जाणवली नाही, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी दीपमाला आली. पोरीचा ताप उतरला होता म्हणून मन जरा थाऱ्यावर. तिनं आधी माझ्या आतल्या तीन नळ्या पाहिल्या, एकीतही काही हलत नव्हतं. मग काहीतरी आठवून तिनं खांद्यावरची पोरीच्या कपड्यांची पिशवी उघडली. झबली, टोपडी, लंगोट बाजूला सारले. नळी उजेडात धरली.

आत चिक्कार माश्या! काचेवर चढत होत्या, उतरत होत्या.

तेवढ्यात खुशालराव आले. दीपमाला हसते की रडते ते त्यांना कळेना. "काका, बघा! दोन दिवस पोरीच्या झबल्यात होत्या. सासूबाई काल परत आल्यावर म्हणत होत्या, व दीपमाला, पोरीच्या झोळ्यात चिलटं पाळून राह्यली काय तू! मी लक्षच दिलं नाही."

"बाप्पा! ना मशीन, ना काही, अन् जित्त्या?"

"हो ना. मग इथंच का मरतात?"

सवयीनं खुशालरावांनी स्टुलावर अगरबत्ती लावली आणि हात जोडले. दीपमालाही फोटोकडे बघत उभी राहिली. पण हातातली नळी जिवंत होती, म्हणून असेल, तिची नजर या वेळी फोटोवरून खाली आली. अगरबत्तीच्या धुराची रेघ सरळ वर जात नव्हती. ती वाकत होती. वाकून माझ्या मागे, वायरीसाठी ठेवलेल्या भोकाकडे जात होती. त्या भोकाचं रबरी बूच कधीचं निघून पडलेलं. माझा पंखा धूर आत ओढत होता. रोज. महिनोन्महिने.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "ती अगरबत्ती बाहेर न्या."

"काहून? मॅडमसाठी लावतो मी."

"धूर आत जाऊन राह्यला."

खुशालरावांनी वाकून पाहिलं. मग ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. सेंट मारून आलेल्या पोट्ट्यांना मॅडम दारातूनच हाकलत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. माशीला वास सोसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त अगरबत्तीचा वास त्यात धरायचा, हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. ती देवाची गोष्ट होती ना.

"म्हंजे मीच मारल्या काय व ताई?" त्यांनी चिमटीत धरून निखारा विझवला. बोट भाजलं असेल, पण त्यांनी हात झटकला नाही.

"एकटे तुमी नाही, काका. मी रोज तुमच्या बाजूला उभी होते. आपण दोघंई मॅडमकडेच पाहत राह्यलो. नळ्यांकडे कोण पाहत होतं?"

फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवला आणि मुलांच्या वर्गात नेऊन लावला. मग बाजारात जाऊन एक रबरी बूच घेऊन आले.

सोमवारी समिती आली. एक साहेब नळीकडे बघून म्हणाले, "या ठिपक्यांसाठी एक खोली?" दीपमालानं त्यांच्या हातात भिंग दिलं. बघता बघता साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "अरे, हिला तर पंख आहेत!"

"तुम्हाला काय मदत पाहिजे?" त्यांनी विचारलं. दीपमालानं नवं यंत्र मागितलं नाही. म्हणाली, "सर, मला सकाळचा एक तास द्या. आणि मी नसेन तेव्हा या नळ्या बघायला माझ्या जोडीला एक शिक्षक. मॅडमच्या जोडीला कुणी नव्हतं. माझं लेकरू आजारी पडलं की हे काम मरतं, असं नको."

मग शेखर सर खाकरले. "तिचा पहिला तास मी घेतो. पोट्टे मले तसेही विसरलेच आहेत, चेहरा तरी दिसंल. अन् जोडीला आपला स्वप्निल आहे, नवा लागलेला. त्याले शिकव."

खोली राहिली. तो कक्ष आता जिन्याखाली भरतो, आणि शेखर सर येताजाता आत डोकावून विचारतात, "वाढलं का संशोधन?"

मित्रांनो, तुमच्या शाळेतही गेलेल्या गुरुजींचा किंवा बाईंचा फोटो असेल. त्याला हार जरूर घाला. पण त्यांच्या हातून अर्धं राहिलेलं काम कुठे आहे, तेही विचारा. ते एखाद्या कपाटात तुमची वाट बघत असेल. त्याला पूजेपेक्षा रोज हाताळणारं माणूस लागतं, आणि त्या माणसाला थोडा वेळ देणारी चार माणसं लागतात. आणि माझ्यासारखं म्हातारं यंत्र दिसलं तर मागे वाकून बघा, एखादं बूच निघालेलं असतं.

आता पुन्हा मे लागला आहे. माझं पोट नळ्यांनी भरलं आहे. चार दिवसांपूर्वी दीपमाला माझ्या बटणाशी आली. मॅडमनी शेवटची लावलेली ऊब होती तिथेच काटा होता. तो कुणी हलवला नव्हता. खुशालराव दारात उभे होते. तिनं काटा एक अंश वर नेला.

मित्रांनो, त्या अंशावर मॅडम माझ्यासोबत कधी आल्या नव्हत्या. पहाटे दिवा लागला तेव्हा मी दारापाशी ऊब शोधली. नव्हती. खोलीत फार शांत वाटलं, आणि थोडं उदासही. दोन-तीन दिवस कार्डं पांढरीच होती. स्वप्निल आणि दीपमाला आळीपाळीनं येऊन बघून जायचे.

आज सकाळी एका कार्डाच्या कडेला एक अंडं काळं पडलं आहे.